सिस्टर सेंत मार्गेरीत : एका श्रद्धावान शिक्षिकेचे पुण्यस्मरण

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल समयी आपण सर्वजण देवाचे उपकार आठवीत आहोत. ज्यांनी या ख्रिस्तमंदिराचा पाया घातला, ज्यांनी येथे लेकरांस बाप्तिस्मा दिला, त्यांना क्रूसाची खूण करावयास आणि तेर्स म्हणावयास शिकविले, त्या सर्वांची नावे या दिवसांत आपल्या ओठांवर आहेत, आणि ते उचितच आहे. परंतु आज आम्हांस जिच्याविषयी बोलावयाचे आहे ती स्त्री आपल्या गावची नव्हे. आपला देश तिने कधी पाहिला नाही. ती फ्रान्स देशातील एका मठात राहिली, तेथेच कष्टली आणि 1910 साली तेथेच देवाघरी गेली. तिची कथा येथे का सांगावी, असे कोणी विचारील, तर आमचे उत्तर एवढेच की, ज्या घरात न ऐकणारे अथवा न पाहणारे लेकरू आहे त्या प्रत्येक घराशी तिचे नाते आहे. आणि अशी घरे कोणत्याही धर्मग्रामात असू शकतात.

प्रथम एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. श्रद्धा ही श्रवणाने उपजते, असे संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात शिकविले आहे. मग ज्याला श्रवणच नाही, त्याने काय करावे? पुष्कळ शतके विद्वान म्हणविणारे लोकसुद्धा असे समजत की, जन्मापासून जो बहिरा त्याला ना विद्या, ना धर्म. परंतु प्रभू येशूने तसे मानले नाही. संत मार्कच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायात एका बहिऱ्या, अडखळत बोलणाऱ्या मनुष्याची हकीकत आहे. प्रभूने त्याला गर्दीतून बाजूस नेले, त्याच्या कानांत बोटे घातली, त्याच्या जिभेला स्पर्श केला, आणि मग त्याचे कान उघडण्याची आज्ञा केली. बंधूंनो, या क्रमाकडे नीट लक्ष द्या. जो ऐकू शकत नव्हता त्याच्याशी प्रभू आधी स्पर्शाने बोलला. बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरूने बालकाच्या कानांना व मुखाला स्पर्श करण्याची जी प्रथा आहे, ती याच प्रसंगावरून आली आहे.

ख्रिस्तसभेत हा धडा काही थोर जनांनी मनावर घेतला. स्पेन देशात ओन्या येथील मठातील बेनेडिक्टाइन साधू पेद्रो पोन्से द लेओन यांनी 16 व्या शतकात उमरावांच्या बहिऱ्या मुलांस लिहावयास, वाचावयास व बोलावयास शिकविले. जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस द सालेस यांना 1605 साली मार्तें नावाचा एक गरीब बहिरा तरुण भेटला. त्यांनी त्याला खुणांनी धर्मशिक्षण देऊन ख्रिस्तप्रसादास पात्र केले. म्हणूनच हा संत बहिऱ्यांचा आश्रयदाता मानला जातो. पुढे 1760 च्या सुमारास पॅरिस शहरात आबे द लेपे नामक धर्मगुरूंनी बहिऱ्या मुलांसाठी मोफत शाळा उघडली आणि खुणांच्या भाषेला शिक्षणात मानाचे स्थान दिले.

परंतु या सर्वांचे विद्यार्थी कानांनी अधू असले तरी डोळ्यांनी पाहत होते. ज्याला कान नाहीत आणि डोळेही नाहीत त्याचे काय? येथून सिस्टर सेंत मार्गेरीत यांची कथा सुरू होते.

फ्रान्सच्या पश्चिम भागात प्वातिए नावाचे पुरातन शहर आहे. 1703 साली या शहरी संत लुई मारी द मोंफोर आणि धन्य मारी लुईझ त्रिशे यांनी ‘ज्ञानकन्या’ नावाचा धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. याच शहराजवळ लार्ने येथे या भगिनींची बहिऱ्या व अंध मुलींसाठी एक मोठी शाळा होती. 1875 साली मार्त ओब्रेख्त नावाची एक लहान मुलगी या शाळेत आली. तिची दृष्टी, श्रवण व वाणी अगदी बाळपणीच गेली होती. सिस्टर सेंत मेद्यूल या भगिनीने तिला शिकविण्याचे धाडस केले आणि ते सिद्धीस नेले. अशा रीतीने या कठीण कार्याची परंपरा त्या घरात निर्माण झाली होती, आणि सिस्टर सेंत मार्गेरीत त्या परंपरेच्या वारसदार झाल्या.

1 मार्च 1895 रोजी एक गरीब पिता आपली दहा वर्षांची कन्या घेऊन लार्नेच्या दारी आला. तो नांत शहराजवळील व्हेर्तू गावचा, लाकडी पिंपे बनवून पोट भरणारा कारागीर. मुलीचे नाव मारी अर्तें. ती 1885 साली जन्मली तीच अंध व बहिरी. आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या पुस्तकात अमेरिकेच्या हेलन केलर यांची गोष्ट वाचली असेल. हेलन यांनी निदान एकोणीस महिने हे जग पाहिले व ऐकले होते. आईचा शब्द त्यांच्या कानी पडला होता. मारीच्या आत्म्यात एकही चित्र नव्हते, एकही शब्द नव्हता. तिच्या पित्याने यापूर्वी अन्यत्र दारे ठोठावली होती, पण तिला कोणी ठेवून घेतले नाही. ही मुलगी मतिमंद आहे, हिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे, असा सल्ला त्याला मिळाला होता.

आल्या दिवसापासून मारीने त्या शांत घरात हलकल्लोळ मांडला. आपला पिता आपल्याला सोडून गेला एवढेच तिला समजले. का गेला, हे तिला कोण सांगणार, आणि कसे? ती किंचाळत असे, जमिनीवर लोळत असे. भगिनी तिला फिरावयास नेत तेव्हा वाटेतच ती अंग टाकून देई आणि तिला खांद्यांना व पायांना धरून उचलून परत आणावे लागे. हा प्रकार एका दिवसात संपला नाही. कित्येक आठवडे चालला. या वेळी तिच्याजवळ राहण्याचे काम सिस्टर सेंत मार्गेरीत यांच्याकडे होते. बंधुभगिनींनो, आपण संतांच्या जीवनात मोठमोठे चमत्कार शोधतो. मार खाऊन, ओरबाडून घेऊन, दुसऱ्या दिवशी सकाळी पुनः त्याच मुलीचा हात प्रेमाने हातात घेणे, हे आम्हांस चमत्काराहून कमी वाटत नाही.

आता त्या लहानशा वस्तूची गोष्ट ऐका, जिच्यामुळे हे बंद दार उघडले. मारीने घरून एक छोटा खिशातला चाकू आणला होता आणि तो तिला फार प्रिय होता. सिस्टरने एके दिवशी तो तिच्या हातातून काढून घेतला. मुलगी संतापली. सिस्टरने तिचे दोन्ही हात धरले, एक हात दुसऱ्यावर आडवा ठेवून कापल्यासारखा फिरविला, आणि चाकू परत दिला. मुलगी शांत झाली. चाकू पुनः घेतला, पुनः राग, पुनः तीच खूण, आणि चाकू परत. असे करता करता एकदा सिस्टरने चाकू घेतला आणि देण्याचे थांबविले. तेव्हा मारीने आपण होऊन एक हात दुसऱ्यावर आडवा फिरविला. तिने चाकू मागितला होता!

वरवर पाहता ही क्षुल्लक गोष्ट. परंतु विचार करा, त्या क्षणी काय घडले? जी वस्तू हातात नाही तिचा विचार मनात ठेवता येतो, आणि तो विचार खुणेने दुसऱ्या मनुष्याच्या मनात पोहोचविता येतो, हे त्या मुलीला प्रथमच उमगले. आजवर ती एकटी होती. आता ती दोघांतील एक झाली. चाकूनंतर तिला पावाची खूण मिळाली, मग जेवणाच्या मेजावरील अन्य वस्तूंची. एकदा का प्रत्येक वस्तूला खूण असते हे कळले, तेव्हा तिची भूक अनावर झाली. ती एकेक वस्तू चाचपून तिची खूण विचारू लागली.

पुढील पायरी अक्षरांची होती. बोटांच्या आकारांनी अक्षरे दाखविण्याची एक लिपी आहे. सिस्टर ती अक्षरे मारीच्या हातात करीत आणि मारी ती स्पर्शाने वाची. मग उठावदार ठिपक्यांची ब्रेल लिपी आली. ज्या मुलीला वेड्यांच्या इस्पितळात धाडावयाचे होते, ती पुस्तके वाचू लागली, पत्रे लिहू लागली, हिशेब, भूगोल व इतिहास शिकली. ती विणकाम करी, खुर्च्या विणी, आणि मैत्रिणींशी डोमिनोचा खेळ खेळे.

तथापि वस्तूंची नावे शिकविणे हे या कार्यातील सोपे अंग. जे हाताला लागत नाही ते कसे शिकवावे? सिस्टरची रीत अशी की, न दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीपर्यंत हाताला लागणाऱ्या गोष्टीवरून चालत जावे. वय म्हणजे काय, हे समजावे म्हणून त्यांनी मारीचे हात तरुण चेहऱ्यावर ठेविले आणि मग वृद्धेच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर. गरिबी म्हणजे काय, हे तिला भिकाऱ्याच्या फाटक्या वस्त्रांवरून कळले. मठातील एक भगिनी निवर्तली तेव्हा तिच्या थंडगार देहाला स्पर्श करून मारीने मृत्यू जाणला; आणि आपणही एके दिवशी अशाच होणार हे कळल्यावर ती फार घाबरली. सिस्टरने हे दुःख तिच्यापासून लपविले नाही. ज्या मुलीला मरणाचे सत्य सांगितले, तिलाच सार्वकालिक जीवनाची आशा सांगता येते, हे त्या जाणून होत्या.

आणि देव? बंधूंनो, आपल्या लेकरांस आपण क्रूसाकडे बोट दाखवून, तसबिरीकडे पाहावयास लावून देवाची ओळख करून देतो. येथे ना बोट दाखविण्याचा उपयोग, ना तसबिरीचा. परंतु मारीला सूर्य फार आवडे. त्याची ऊब तोंडावर आली की ती त्याच्याकडे हात पसरी, त्याला धरावयास पाही. सिस्टरने हा धागा पकडला. पाव कोणी केला? भटारखानेवाल्याने. मेज कोणी केले? सुताराने. मग तुझा हा लाडका सूर्य कोणी केला? अशा प्रश्नांच्या वाटेने ती मुलगी केलेल्या वस्तूंपासून कर्त्यापर्यंत गेली. महापंडित संत थॉमस आक्विनस यांनी जो मार्ग ग्रंथातून दाखविला, त्याच मार्गाने एक अंध-बधिर बालिका आपल्या शिक्षिकेचा हात धरून चालत गेली. देव हा पिता आहे हे तिला कळले, आणि पुढे तिने ख्रिस्तप्रसादही स्वीकारला. श्रद्धा श्रवणाने उपजते, हे प्रेषिताचे वचन यामुळे खोटे ठरले काय? मुळीच नाही. मारीने ते तळहाताने ऐकले.

प्वातिए विद्यापीठातील एक प्राध्यापक लुई आर्नूल यांनी ही हकीकत 1900 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, आणि लार्नेचे नाव दूरवर गेले. 2014 साली याच कथेवर फ्रान्समध्ये एक चित्रपटही निघाला. परंतु त्या कीर्तीच्या काळातही सिस्टर सेंत मार्गेरीत यांच्या दिनचर्येत वर्ग, प्रार्थना, मुलींचे हात आणि पुनः वर्ग हेच होते. मारीमागून अशाच स्थितीतील अन्य मुलीही त्यांच्या हाती आल्या. 1910 साली त्यांचे देहावसान झाले. जिला त्यांनी पंधरा वर्षे हात धरून चालविले, त्या मारीला केवढे दुःख झाले असेल! पण खऱ्या शिक्षकाची परीक्षा तो गेल्यानंतर होते. मारी कोलमडली नाही. तिची एक धाकटी बहीण, तिचेही नाव मार्तच, तीही जन्मतः अंध व बहिरी होती. ती लार्ने येथे आली तेव्हा तिला शिकविण्यास मारीने हातभार लाविला. जे हातात मिळाले होते ते तिने दुसऱ्या हातात दिले. 1921 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, मारीही देवाघरी गेली.

आता आपल्या भूमीकडे वळू. या कार्यात मुंबईचे नावही मागे नाही. मुंबईचे बिशप लिओ मॉरिन, हे जेज्विट, यांच्या पुढाकाराने 1885 साली माझगाव येथे मुक्या-बहिऱ्यांसाठी शाळा स्थापन झाली. हिंदुस्थानातील अशा शाळांत ती पहिली गणली जाते. 1900 साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंधांसाठी शाळा काढली. ती पुढे दादर येथील अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. जे बहिरे आणि अंध दोन्ही आहेत त्यांच्यासाठी मात्र 1977 साली, बेरोझ वाच्छा या पारशी बाईंच्या प्रयत्नाने, मुंबईत हेलन केलर यांच्या नावाची संस्था निघाली. पाहा, कॅथलिक, प्रोटेस्टंट, पारशी! प्रेमाच्या या शेतात देवाने नाना घरचे मजूर लाविले आहेत. 2016 च्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या कायद्यातही अंध-बधिरत्वाचा स्पष्ट उल्लेख झाला आहे.

परंतु कायदा घराच्या आतल्या खोलीत शिरत नाही. तेथे आपणच शिरले पाहिजे. म्हणून या ज्युबिलीच्या निमित्ताने आम्ही तीन गोष्टी आपणांस कळकळीने सांगतो.

पहिली गोष्ट आईबापांस. पाहुणे आले की जे लेकरू आतल्या खोलीत ठेविले जाते, ते बाहेर आणा. त्याचे व्यंग ही कोणाच्या पापाची शिक्षा नव्हे. जन्मांधाविषयी शिष्यांनी प्रभूला हेच विचारले होते आणि प्रभूने ती समजूत तोडून टाकिली. विलंबही करू नका. मारीची पहिली दहा वर्षे अंधारात गेली. आज तसे होण्याचे कारण नाही. तान्ह्या बाळाचे श्रवण तपासता येते, आणि भाषा, मग ती वाणीची असो वा खुणांची, जितक्या लवकर मिळेल तितके बरे. गरोदर स्त्रीस रुबेला नावाचा गोवरासारखा ताप आल्यास बाळाचे डोळे व कान जाण्याचे भय असते. त्याची लस मुलींना वेळेवर टोचून घ्या. तसेच जन्मतः बहिरे मूल मोठे होता होता तिन्हीसांजेस ठेचकाळू लागले, तर ते धांदरट आहे म्हणून रागावू नका; डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. कित्येक बहिऱ्या मुलांची दृष्टी अशीच हळूहळू, रात्रीच्या अंधत्वापासून आरंभ होऊन जाते, आणि वेळीच कळले तर ब्रेल शिकावयास अवधी मिळतो.

दुसरी गोष्ट दोत्रीन शिकविणाऱ्यांस. हे मूल ऐकत नाही, याला काय शिकवावे, असे म्हणून कोणास मागील बाकावर बसवून ठेवू नका. योगायोग असा की, ज्या 1910 साली सिस्टर सेंत मार्गेरीत निवर्तल्या, त्याच साली संत पोप दहावे पायस यांनी लहान मुलांना ख्रिस्तप्रसाद लवकर देण्याविषयी आज्ञा काढली. सामान्य पाव आणि ख्रिस्तप्रसाद यांतील भेद ज्याला कळतो त्याला अडवू नये, हा तिचा आशय आहे. हा भेद समजावयास कानच लागतात असे थोडेच आहे? ज्यांना बोलता येत नाही त्यांना दुभाष्याच्या द्वारे पापनिवेदन करण्याची मुभाही ख्रिस्तसभेच्या कायद्यात आहे, आणि त्या दुभाष्यावर गुप्ततेचे बंधन आहे. तेव्हा साक्रामेंतांचे दार उघडेच आहे. दारापर्यंत हात धरून नेणारे मनुष्य मात्र पाहिजे.

तिसरी गोष्ट आमच्या तरुण मुलामुलींस. आपण उत्तम शिकता, शहरात नोकऱ्या मिळविता, दूरदेशी जाता. देव आपले कल्याण करो. परंतु आपल्यापैकी एखाद्याच्या मनात असे येईल काय की, आपण खुणांची भाषा शिकावी, ब्रेल शिकावे, अशा मुलांचे शिक्षक व्हावे? या कामात घाई चालत नाही आणि टाळ्या फारशा मिळत नाहीत. सिस्टर सेंत मार्गेरीत यांना चाकूच्या एका खुणेसाठी किती दिवस वाट पाहावी लागली! पण ज्या क्षणी समोरच्या मुलाचा हात उत्तर देतो, त्या क्षणाचा आनंद ज्याने भोगला त्याला दुसरे वेतन तुच्छ वाटते, असे या क्षेत्रातील शिक्षक सांगतात, आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवतो.

बंधुभगिनींनो, ज्युबिलीच्या हिशेबात मंदिराच्या घंटा, वेदी व भिंती मोजल्या जातात. मोजा, आनंदाने मोजा. परंतु घंटेचा नाद ज्याच्या कानी पोहोचत नाही आणि वेदीवरील दिवे ज्याला दिसत नाहीत, तोही याच धर्मग्रामाचा आहे. त्याच्यासाठी मंदिर म्हणजे त्याचा हात हातात घेणारा तुमचा हात होय.

दयाघन पित्या, तुझी दासी सिस्टर सेंत मार्गेरीत आणि तिची शिष्या मारी यांना तुझ्या प्रकाशात विसावा दे. आमच्या घरांतील न ऐकणाऱ्या व न पाहणाऱ्या लेकरांस आशीर्वाद दे, त्यांच्या आईबापांस धीर दे, आणि या धर्मग्रामातून तुझ्या या कार्यासाठी सेवक उभे कर. आमचा प्रभू ख्रिस्त याच्या द्वारे. आमेन.